जिथे नारळ फिरलाच नाही

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या शेतात चार वर्षांपूर्वी बोअर मारायचे ठरले, तेव्हा माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, शेजारच्या गावातल्या पाणाड्याला बोलावले. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो बांधाबांधाने फिरत राहिला आणि रानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या बाभळीजवळ आल्यावर तो नारळ हळूहळू उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली, दोनशे साठ फुटांवर पाणी लागले, आणि संध्याकाळी सोप्यात बसल्यावर तात्यांनी मला विचारले, "आता बोल. नारळ उभा राहिला, पाणी लागलं. आणखी काय पुरावा पायजे तुला?"

मी सांगलीतल्या एका शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले आहे, तरी त्या संध्याकाळी मला धड उत्तर देता आले नाही. "ही अंधश्रद्धा आहे" एवढेच मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी मला जाणवले की हे उत्तर नव्हे. तात्यांच्या युक्तिवादाला मी केवळ एक नाव देऊन मोकळा झालो होतो. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली होती. नारळ उभा राहिला हे खरे आणि पाणी लागले हेही खरे. मग चूक असेल तर ती नेमकी कोठे आहे, हे दाखवण्याची जबाबदारी माझी होती, आणि ती मी टाळली. पुढे या प्रश्नाचा विचार करत गेलो तसे लक्षात आले की तात्यांच्या बोलण्यात जी चूक होती तीच मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे केली आहे, आणि तिची किंमत माझ्या विद्यार्थ्यांनी मोजली आहे. म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

पाणाड्याला जमिनीखालचे पाणी कळते की नाही, हे ठरवायचे तर चार प्रकारचे बोअर मोजावे लागतात. पाणाड्याने जागा दाखवली आणि पाणी लागले, हा पहिला प्रकार. जागा दाखवली आणि बोअर फेल गेला, हा दुसरा. पाणाड्याला न विचारता बोअर मारला आणि पाणी लागले, हा तिसरा. आणि न विचारता मारला व फेल गेला, हा चौथा. गावात चर्चा होते ती फक्त पहिल्या प्रकाराची. दुसऱ्याची वाच्यता कोणी करत नाही, कारण उसनवारी करून उभे केलेले पैसे मातीत गेल्याचे चारचौघांत सांगायला कोणाचीच जीभ वळत नाही. शिवाय "आणखी पन्नास फूट खाली जायला पाहिजे होतं" हे कारण पाणाड्याकडे तयार असते. तिसरा आणि चौथा प्रकार मोजायला हवेत हे तर कोणाच्या मनातही येत नाही, कारण तेथे नारळ फिरलेलाच नसतो, आणि जे घडलेच नाही त्याची गोष्ट होत नाही.

माझ्या मते या चारांत तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या भागाची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा पाषाण तयार झाला. त्याच्या घट्ट भागात पाणी मुरत नाही, पण वरच्या झिजलेल्या मुरमात, पाषाणातल्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत ते साठते. अशा जमिनीत कोठेही खोल गेले तर थोडेफार पाणी लागण्याची शक्यता बरीच असते. खरा प्रश्न असतो तो किती पाणी लागेल आणि ते उन्हाळ्यात टिकेल का, हा. आमच्या शिवारात न विचारता मारलेल्या बोअरनाही जर तितक्याच वेळा पाणी लागत असेल, तर नारळाने त्यात काहीच भर घातली नाही असे म्हणावे लागेल. आणि हे "असेल तर" तपासण्यासाठी मोजणीशिवाय दुसरा मार्ग नाही. जर्मनीत कासेल येथे १९९० मध्ये अशी मोजणी झाली होती. जमिनीखाली सुमारे अर्धा मीटर खोलीवर नळ पुरला, त्यातले पाणी कधी चालू तर कधी बंद ठेवले, आणि तीस पाणाड्यांना पाणी वाहते आहे की नाही एवढेच ओळखायला सांगितले. चाचणीचे नियम त्यांनी आधी मान्य केले होते आणि आपल्याला ओळखता येईल याची त्यांना खात्री होती. निकाल मात्र छापा-काटा करून आला असता तसाच आला. ती माणसे लबाड होती असे मला वाटत नाही. हातावर तोलून धरलेली वस्तू मनातल्या अपेक्षेने, धरणाऱ्याच्या नकळत हलते, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. आमच्या पाणाड्यानेही नारळ मुद्दाम उभा केला नसावा. पण त्याचा प्रामाणिकपणा हा एक मुद्दा आणि नारळाला पाणी कळणे हा दुसरा.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे तर्क कसा करावा हे सांगणाऱ्या जुन्या शास्त्राने, ही गोष्ट फार पूर्वी नेमक्या शब्दांत मांडून ठेवली आहे. शाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्याने, जे संस्कृत शिकवत, मला मधल्या सुट्टीत अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह थोडाथोडा समजावून सांगितला होता. सतराव्या शतकातला हा छोटा ग्रंथ न्यायशास्त्राची बाराखडी म्हणून आजही शिकवला जातो. त्यातले उदाहरण सर्वपरिचित आहे: पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. या मेळाला अन्वय म्हणतात. पण शास्त्रकार येथे थांबत नाहीत. ते लगेच दुसरी बाजू विचारतात: जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसा पाण्याचा डोह. हा व्यतिरेक. धूर आणि अग्नी यांचे नाते पक्के धरायचे ते या दोन्ही बाजू पाहून, आणि शिवाय नाते मोडणारे एकही उदाहरण आढळत नाही याची खात्री करून. तात्यांचा युक्तिवाद निव्वळ अन्वयाचा होता. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले होते. डोह पाहिला नव्हता.

त्याच ग्रंथात आणखी एक बारकावा आहे आणि तो मला अतिशय मोलाचा वाटतो. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा धूर सोडत नाही. धुरासाठी अग्नीबरोबर ओले सरपणही लागते. या लपलेल्या अटीला शास्त्रात उपाधी म्हणतात. आपण एखाद्या कारणाचे नाव घेतो तेव्हा ओले सरपण कोणते, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो. वाईसारखे गाव आपल्या शेजारी आहे, जेथे प्राज्ञपाठशाळेत ही परंपरा जपली गेली आणि जेथे १९२३ मध्ये कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी मिळवलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी आपले आयुष्य काढले. तरीही शाळेतल्या आमच्या मुलांना अन्वय आणि व्यतिरेक हे शब्दसुद्धा ऐकायला मिळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अन्वयाकडे धावण्याची ही ओढ अडाणीपणातून येत नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये केलेला एक साधा प्रयोग मी नववीच्या वर्गात दरवर्षी करत असे. २, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटे सांगा, ती बसतात की नाही ते मी सांगेन. खात्री झाली की नियम ओळखा. मुले ८, १०, १२ विचारत, मग २०, २२, २४ विचारत, प्रत्येक वेळी "बसते" असे उत्तर मिळे, आणि चार-पाच त्रिकुटांनंतर "दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या" असे ती ठामपणे सांगत. नियम होता तो केवळ चढत्या क्रमाचा. १, २, ३ किंवा ५, ४०, ४१ विचारून पाहिले असते तरी आपला अंदाज चुकला हे कळले असते, पण आपल्या अंदाजात न बसणारे त्रिकूट विचारावे असे फार थोड्यांना सुचे. वेसनच्या प्रयोगात २९ जणांपैकी अवघ्या ६ जणांनी पहिल्याच उत्तरात नियम बरोबर ओळखला होता, आणि ती सगळी विद्यापीठात शिकणारी मंडळी होती. बुद्धी कमी पडली असे म्हणता येत नाही; ती एकाच बाजूला वळलेली होती.

स्पर्धा परीक्षांचे फलकही असेच एकाच बाजूचे असतात. निकाल लागला की चौकाचौकांत यशस्वी उमेदवारांचे अभिनंदन झळकते, अमुक अभ्यासिकेत बसून, रोज चौदा तास वाचून तो अधिकारी झाला असे लिहिलेले असते. त्याच अभ्यासिकेत, तितकेच तास, शेजारच्या खुर्चीवर बसून ज्याचे नाव यादीत आले नाही त्याचा फलक कोणी लावत नाही. गावाकडे जमीन गहाण ठेवून मुलाला तयारीला पाठवणारा बाप तो फलक बघून निर्णय घेतो, त्यामुळे ही चूक केवळ तर्काची राहत नाही.

आता माझ्या चुकीविषयी. नोकरीच्या पहिल्या वीसेक वर्षांत माझी पक्की समजूत होती की मुलांना रागावल्याने ती सुधारतात आणि कौतुक केल्याने बिघडतात. ही समजूत मी कोठून ऐकून घेतलेली नव्हती. ती माझ्या अनुभवातून तयार झाली होती. पहिल्या घटक चाचणीत एखाद्या मुलाला वीसपैकी चार गुण पडले की मी त्याला वर्गासमोर उभे करून बोलत असे, क्वचित हातावर छडीही देत असे, आणि पुढच्या चाचणीत त्याला आठ किंवा नऊ पडत. दुसऱ्या बाजूला, एकोणीस गुण मिळवणाऱ्या मुलीचे मी भरभरून कौतुक करावे आणि पुढच्या वेळी ती पंधरावर यावी, असेही अनेकदा घडे. "कौतुकाने डोक्यात हवा जाते" असे मी पालकांना सांगत असे. मला पुरावा हवा होता असे नव्हे. माझ्याकडे तो गठ्ठ्यांनी होता, दरवर्षी, प्रत्येक तुकडीत.

निवृत्त व्हायला थोडी वर्षे राहिली असताना आईच्या आजारपणामुळे मी अडीच महिने रजेवर होतो. माझे तास ज्या शिक्षिकेकडे गेले त्या स्वभावाने अत्यंत मृदू होत्या. त्यांनी कोणाला रागावल्याचे आजवर कोणी ऐकलेले नाही. परत आल्यावर गुणपत्रक भरताना मी दोन्ही चाचण्यांचे गुण शेजारी शेजारी मांडले. पहिल्या चाचणीत अगदी तळाला असलेली मुले दुसऱ्या चाचणीत वर आली होती, अगदी तशीच, जशी माझ्या छडीनंतर येत. आणि वरची काही मुले कोणी कौतुक न करताही खाली आली होती. ते पत्रक पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. वीस वर्षांत मी ज्या बाजूकडे कधी पाहिले नव्हते ती बाजू रजेमुळे आपोआप माझ्यासमोर येऊन पडली होती.

याचे कारण गणिताच्या शिक्षकाला तरी आधीच कळायला हवे होते. चाचणीतले गुण म्हणजे मुलाची तयारी आणि त्या दिवशीचा योग यांची बेरीज. एखाद्याला नेहमीपेक्षा फारच कमी गुण पडतात तेव्हा बहुधा तयारीबरोबर योगही वाईट असतो: रात्री झोप झालेली नसते, नेमका न वाचलेला भाग आलेला असतो, घरी काही घडलेले असते. पुढच्या वेळी योग पुन्हा तितकाच वाईट असण्याचे कारण नसते, म्हणून गुण आपोआप सरासरीच्या दिशेने वर येतात. फार चांगल्या गुणांचे तेच, उलट दिशेने. फ्रान्सिस गाल्टन यांनी आई-वडील आणि मुले यांच्या उंचीच्या मापांतून १८८६ मध्ये हीच गोष्ट दाखवली होती: फार उंच आई-वडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आई-वडिलांइतकी नसतात. आणि मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांविषयी जे सांगितले आहे ते वाचताना मला माझेच चरित्र वाचल्यासारखे वाटले. त्या प्रशिक्षकांचीही अनुभवाने खात्री झाली होती की कौतुकाने शिकाऊ वैमानिक बिघडतो आणि खडसावल्याने सुधारतो. आपण ओरडतो तेव्हा समोरचा तळाला असतो, आणि तळावरून बहुधा वरच जावे लागते. त्यामुळे शिक्षा करणाऱ्याला प्रत्येक वेळी यशाचा खोटा अनुभव मिळतो. ज्या मुलांना मी वर्गासमोर उभे केले त्यांच्यापैकी काही आज चाळिशीत आहेत, बाजारात भेटतात, वाकून नमस्कार करतात, आणि "सर, तुमच्या छडीमुळे घडलो" असे म्हणतात. त्या वेळी मला काय बोलावे ते सुचत नाही.

व्यतिरेक नीट शोधला की काय साधते, याचे आपल्या भागातले उत्तम उदाहरण कोयनेचे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. दख्खनचे पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे. धरणात पाणी साठवायला सुरुवात होऊन पाच-सहा वर्षे झाली होती, आणि लोक सरळ म्हणू लागले की धरणामुळे भूकंप झाला. हा युक्तिवाद त्या क्षणी तात्यांच्या युक्तिवादाहून वेगळा नव्हता. आधी धरण, मग भूकंप. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, असे त्यावर कोणीही म्हणू शकला असता. पण येथे शास्त्रज्ञ मोजत राहिले. भूकंपांची केंद्रे जलाशयाच्या परिसरातच एकवटतात असे दिसले. पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, हेही वर्षामागून वर्षे दिसत राहिले. मग निसर्गाला जणू दुसरा प्रयोग करून पाहायचा होता. दक्षिणेला, चांदोलीजवळ, वारणेच्या जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले, आणि काही वर्षांनी, १९९३-९४ मध्ये, त्या बाजूलाही भूकंप वाढले. त्यांत ५ रिश्टरच्या वरचेही होते. आधी जेथे जलाशय नव्हता तेथे धक्के तुरळक होते. जलाशय आला, धक्के आले. एका योगायोगाच्या जागी आता दोन ठिकाणचा, अनेक वर्षांचा, ऋतूंबरोबर हलणारा मेळ उभा होता.

तरीही काम संपले नाही, कारण जगात हजारो मोठी धरणे आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांजवळ असे भूकंप होतात. आपल्याच राज्यातले उजनी पाहा. म्हणजे जलाशय हा लोखंडाचा लाल गोळा झाला. ओले सरपण कोठले, हा प्रश्न उरतोच. उत्तर असे की कोयनेच्या खाली आधीच ताणलेले, तुटायच्या बेतात आलेले खडकातले प्रस्तरभंग आहेत. पाण्याचा भार आणि भेगांतून खाली उतरणारा पाण्याचा दाब त्यांना शेवटचा धक्का देतो. हे जमिनीखाली प्रत्यक्ष कसे घडते ते समजून घेण्यासाठी कराडला खास प्रयोगशाळा उभारली गेली आणि कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर घेतले गेले. तेथे सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपून खालचा ग्रॅनाइटी खडक लागला. "धरणामुळे भूकंप होतो" हे लोकांचे वाक्य आणि शास्त्रज्ञांचा निष्कर्ष वरवर सारखे दिसतात. पण एक वाक्य सहा महिन्यांत तयार झाले आणि दुसऱ्यामागे पन्नास वर्षांची मोजणी आहे. लोकांचा निष्कर्ष बऱ्याच अंशी बरोबर ठरला, म्हणून त्यांचा त्या वेळचा तर्क बरोबर होता असे मात्र होत नाही. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि तिचा आपल्याला वारंवार विसर पडतो: समोरच्याचा युक्तिवाद सदोष आहे एवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. तात्यांचा तर्क कच्चा होता, तरी बाभळीखाली पाणी होतेच.

सांगलीच्या पुराविषयी आमच्या कॉलनीत चालणाऱ्या चर्चा मला या दृष्टीने फार अस्वस्थ करतात. येथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोक्याची मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. घरातला चिखल काढता काढता सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही. एक बाजू म्हणते, कर्नाटकातले अलमट्टी धरण २००५ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी महापूर आला, यापेक्षा स्पष्ट काय हवे? दुसरी बाजू म्हणते, सगळा दोष पावसाचा. आणि दोन्ही बाजूंची मागणी एकच: बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. अलमट्टी म्हण, नाहीतर पाऊस म्हण. पुराला पाऊस, धरणांतून सोडलेले पाणी, नदीपात्रातली बांधकामे, पुलांचे भराव आणि खालच्या अंगाला पाणी अडून मागे चढणारा फुगवटा अशी अनेक कारणे एकाच वेळी असू शकतात, आणि मग प्रश्न "कोणते" असा न राहता "कोणाचा वाटा किती" असा होतो, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नसते.

येथेही मी व्यतिरेक शोधतो. जुलै २००५ च्या त्याच आठवड्यात, २६ तारखेला, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. तेथे अलमट्टीचा हात पोहोचणे शक्य नव्हते. जेथे अलमट्टी नाही तेथेही त्याच दिवसांत हाहाकार झाला, म्हणजे त्या वर्षीचा पाऊसच विलक्षण होता, एवढे तरी मान्य करावे लागते. यावरून अलमट्टीच्या फुगवट्याचा वाटा शून्य आहे असे सिद्ध होत नाही. २००५ हे साल एकटेच पुराव्याला पुरेसे नाही, एवढे मात्र सिद्ध होते. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टी हे पुराचे मुख्य कारण नसल्याचे म्हटले, तेव्हा आमच्याकडे अहवालातल्या पातळ्यांचे आणि विसर्गाचे आकडे कोणी तपासले नाहीत. "समिती सरकारची, मग ती असेच म्हणणार" एवढ्यावर विषय संपला. समिती कोणाची हे पाहून सावध व्हावे, आकडे दुप्पट काळजीने तपासावेत. पण आकडे चुकीचे आहेत हे आकड्यांतूनच दाखवावे लागते.

रजेवरून परतल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत ते गुणपत्रक दाखवले आणि सुचवले की पुढच्या सत्रात आपण सगळ्यांनीच, रागावलेल्या आणि न रागावलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांच्या गुणांची नोंद ठेवू या. एक सहकारी लगेच म्हणाले, "म्हणजे मुलांना मोकाट सोडायचं म्हणता तुम्ही?" मी असे म्हटले नव्हते. न्यायशास्त्रात याला छल म्हणतात, आणि त्याचे जुने उदाहरण असे की "याच्याकडे नवकंबल आहे", म्हणजे नवी घोंगडी आहे, असे कोणी म्हणावे आणि ऐकणाऱ्याने "याच्याकडे नऊ घोंगड्या कोठे आहेत?" असा वाद घालावा. त्या उदाहरणात शब्दाचा अर्थ फिरवलेला आहे, माझ्या बाबतीत सबंध म्हणणे फिरवले गेले, पण हेतू तोच: जे खोडता येत नाही ते बाजूला ठेवायचे आणि जे खोडता येईल ते समोरच्याच्या तोंडी घालायचे. दुसरे सहकारी शांतपणे म्हणाले, "या शाळेत सर्वांत जास्त छडी तुमचीच चालली आहे." हे मात्र खरे होते, आणि ते मला लागले. तरीही, लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून माझ्यावर बोट ठेवल्याने गुणपत्रकातले आकडे बदलत नव्हते. सांगणारा कोरडा पाषाण असला तरी ब्रह्मज्ञान खरे असू शकते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी दोघांनी मिळून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ समोरच्याचे मोडून काढणे ती वितंडा. आजच्या मराठीत जल्प हा शब्द फारसा उरला नाही, वितंडवाद उरला, आणि वाद या शब्दाचा अर्थ भांडण असा झाला. ज्या अर्थाने तो शब्द जन्मला त्या अर्थासाठी आपल्याकडे आज सुटसुटीत शब्दच नाही, ही गोष्ट मला शिक्षकांच्या खोलीतल्या त्या दुपारपासून सलत आली आहे. त्या दिवशी मीही उत्तरादाखल छल, हेत्वाभास असे शब्द सहकाऱ्यांच्या तोंडावर फेकले आणि चर्चा तेथेच संपवली. चुकांची नावे शिकलेल्या माणसाच्या हातून हे फार सहज होते. तात्यांना "अंधश्रद्धा" म्हणणारा मी आणि त्या खोलीत "छल" म्हणणारा मी एकच होतो. दोन्ही वेळा मी समोरच्याला त्याची चूक दाखवली नाही, फक्त चुकीचे नाव सांगितले.

गेल्या वर्षी दिवाळीला गावी गेलो तेव्हा तात्यांना मी नवे काही पटवायला गेलो नाही. मी फक्त विचारले, "तात्या, आपल्या शिवारात पाणाड्याला न विचारता मारलेले बोअर किती, आणि त्यांतल्या किती जणांना पाणी लागलं?" तात्या बराच वेळ गप्प राहिले, मग एकेक नाव आठवून बोटे मोजू लागले. मोजता मोजता त्यांनीच माझ्या चुलतभावाला हाक मारून वही आणायला सांगितली. त्या वहीत आता सहा रकाने आहेत: कोणाचे रान, साल, पाणाड्याला विचारले की नाही, किती फूट, किती इंची पाणी, आणि मे महिन्यात चालू आहे का. चुलतभाऊ दर महिन्याला मला नव्या नोंदी फोनवर सांगतो. आजवर तेवीस झाल्या आहेत, आणि त्यांवरून काही ठरवावे इतक्या त्या नाहीत. फेल गेलेल्या बोअरची नोंद द्यायला लोक अजून का-कू करतात. पण मागच्या आठवड्यात तात्या स्वतः वरच्या वस्तीवर जाऊन अशा दोन नोंदी घेऊन आले. त्यांतल्या एका रानात नारळ उभा राहिला होता. दुसऱ्यात फिरलाच नव्हता.